दान की देणं?

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात 'देण्याचा आठवडा' साजरा झाला. (मूळ नाव इंग्रजीत होतं, ते समजून घ्या.) कॅन्टीनबाहेर भला मोठा बॅनर, फुगे, फोटो काढायला पुठ्ठ्याची चौकट, आणि कुठल्या कुठल्या संस्थांची टेबलं. मी पाच हजार दिले. पगारातून परस्पर कापून घ्यायची सोय होती, दोन क्लिकमध्ये काम झालं. संध्याकाळी मेलवर प्रशस्तिपत्र आलं, माझं नाव सोनेरी अक्षरांत. मॅनेजरने अख्ख्या टीमला मेल टाकला, त्यात माझ्या नावापुढे टाळ्यांचं चित्र. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फारच बरं वाटलं.

त्याच आठवड्यात आमच्या पोळ्यांच्या मावशींचा पगार द्यायचा होता. मी आणि माझा रूममेट वाकडला राहतो. मावशी सकाळी येऊन पोळी-भाजी करून जातात, महिना साडेतीन हजार. त्या महिन्यात त्यांच्या धाकट्याला डेंग्यू झाला आणि त्या सहा दिवस आल्या नाहीत. मी मनातल्या मनात गणित केलं. साडेतीन हजार भागिले तीस, गुणिले सहा. बरोब्बर सातशे, पैशाचाही फरक नाही. इंजिनियर माणूस, उत्तर पूर्णांकात आलं की त्याला ते न्याय्यच वाटतं. दोन हजार आठशे हातावर ठेवले. मावशींनी मोजले. परत मोजले.

"दादा, सातशे कमी हायेत का?"

मी सूत्र समजावून सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि कणीक मळायला घेतली.

मला स्वतःला वर्षाला बारा दिवस आजारपणाची भरपगारी रजा आहे. ते त्या वेळी आठवलं नाही.

हे सगळं मी विसरलोही असतो. पण आमच्या टीममध्ये वसईचा एक मित्र आहे, कॅथलिक. जेवताना मी त्याला प्रशस्तिपत्र दाखवलं, आणि बोलण्याच्या ओघात ते सातशेचं प्रकरणही सांगून टाकलं. "शिस्त लावावी लागते रे" वगैरे. तो डबा चाटूनपुसून खात होता, मान वर न करता म्हणाला, "आमच्यातले जुने लोक याला चोरी म्हणायचे." मी हसलो. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' माझ्या डेस्कवर आणून आपटलं. (हे तेच दिब्रिटो, २०२० च्या उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २०२४ मध्ये ते गेले.)

तर गेले चार वीकेन्ड मी ते आणि त्याच्या आजूबाजूचं वाचतोय. आईला काळजी लागून राहिलीये, "तू चर्चमध्ये जायला लागलास का रे?" नाही. मी संकष्टीला मोदकांवर ताव मारणाराच आहे. पण वाचता वाचता आपल्या सगळ्या 'देण्याच्या आठवड्यां'चा इतका राग आला की म्हटलं, लिहूनच टाकू.

ख्रिस्ती शिकवणीत असं आहे की गरिबाला देणारा माणूस देवापुढे नीतिमान ठरतो. हे ऐकून आपल्या डोक्यात जे चित्र येतं, म्हणजे एक दयाळू शेठजी, समोर हात पसरलेला म्हातारा, आणि वरून पडणारा प्रकाश, ते चित्र साफ चुकीचं आहे. मूळ शिकवण दयेबद्दल नाहीच. ती हिशोबाबद्दल आहे. ज्याचं आहे त्याला ते परत करणं म्हणजे नीतिमत्त्व. आणि या मूळ गोष्टीची पुढे चर्चने, राजांनी, शेटजींनी आणि आता आमच्या एचआरने मिळून पार वाट लावलीये.

आधी शब्दापासून सुरुवात करतो. हिब्रू भाषेत 'त्सेदाका' असा शब्द आहे. अर्थ न्याय, नीतिमत्त्व, जे रास्त आहे ते. (अरबीतला 'सदका' याच घराण्यातला.) जुन्या करारात 'अनुवाद' नावाचं पुस्तक आहे. नाव ऐकून मला आधी भाषांतराबद्दल असेल असं वाटलं :) पण आहेत नियम आणि कायदे. त्याच्या २४ व्या अध्यायात एक कलम सापडतं. एखाद्या गरिबाने कर्जापोटी आपलं पांघरूण तुझ्याकडे गहाण ठेवलं असेल, तर दिवस मावळताना ते त्याला नेऊन दे. रात्री तो त्यातच झोपणार आहे. तू ते परत केलंस की ती तुझी त्सेदाका. आणि लगेच दोन ओळी सोडून पुढचं कलम, रोजाने राबणाऱ्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य बुडायच्या आत चुकती कर, मग तो आपला असो की परका.

आता बघा, इथे कुणीही कुणाला दान देत नाहीये. पांघरूण त्याचंच आहे. मजुरी त्याचीच आहे. कायद्याने बघाल तर गहाण ठेवून घेणाऱ्याचा त्या पांघरुणावर हक्कही आहे, कागद त्याच्या बाजूने आहे. तरी 'नीतिमान' कोण, तर कागद बाजूला ठेवून परत करणारा. मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. सातशे रुपयांचं माझं सूत्र म्हणजे तोच कागद की.

पुढच्या काळात याच शब्दाला 'गरिबाला दिलेली मदत' असा अर्थ चिकटला. म्हणजे न्याय आणि मदत यांना एकच शब्द. ही काही शब्दांची गरिबी नव्हे. त्या लोकांना त्या दोन गोष्टी वेगळ्या दिसतच नव्हत्या.

मग हे ग्रीकमध्ये आलं आणि तिथे गंमत झाली. ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. 'दिकायोसुने' म्हणजे न्याय, नीतिमत्त्व, आणि 'एलेमोसुने' म्हणजे कणव, त्यावरून भिक्षा. दानिएलच्या चौथ्या अध्यायात तो नबुखद्नेस्सर राजाला आपली पापं धुवायचा मार्ग सांगतो, तिथे मूळ शब्द त्सेदाकाचा सख्खा भाऊ आहे, पण ग्रीक भाषांतरात झाली 'एलेमोसुने'. मत्तयच्या सहाव्या अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात तर आपल्या धंद्यातली नेहमीची भानगड. जुन्या हस्तलिखितांत आहे 'दिकायोसुने', नंतरच्या बहुतेक प्रतींत कुणीतरी ते बदलून 'एलेमोसुने' केलंय. दोन प्रतींचा डिफ काढला तर एक शब्द लाल, एक शब्द हिरवा. कमिट कुणाचं, ठाऊक नाही. त्या नंतरच्या प्रतींवरून १६११ चं इंग्रजी किंग जेम्स बायबल झालं, म्हणून तिथे भिक्षा आहे. आजची भाषांतरं जुन्या प्रतींवरून, म्हणून तिथे नीतिमत्त्व. इंग्रजीतला 'आम्स' हा भिक्षेसाठीचा शब्दही त्या 'एलेमोसुने'चाच झिजत झिजत उरलेला तुकडा. शब्द झिजला तसा अर्थही झिजला. न्याय होता, त्याची कणव झाली, कणवेची चिल्लर झाली.

आणि आता घरचं. आपल्याकडे भिकारी काय म्हणतो? "धर्म करा माई." दान करा, दया करा असंही म्हणतात, पण जुनी हाक 'धर्म करा' हीच. दानधर्म, धर्मादाय, धर्मशाळा, धर्मार्थ दवाखाना. पुण्यात धर्मादाय आयुक्तांचं आख्खं ऑफिस आहे. म्हणजे मराठीलाही हे कधीतरी कळलं होतं की गरिबाला देणं आणि 'धर्म', म्हणजे जे करायलाच हवं ते, हे एकच. आणि 'देणं' हा शब्द तर काय सांगू! देण्याची क्रियाही देणं, आणि डोक्यावर असलेलं कर्जही देणंच. "माझं त्याचं देणं आहे." भाषा आपल्या कानात ओरडून सांगतेय आणि आम्ही मात्र चौकटीत उभं राहून फोटो काढतोय.

असो. शब्दांचा कीस पुरे. आता माणसाकडे येतो, कारण या सगळ्या वाचनात मला जर कुणी झोपेतून उठवलं असेल तर ते बेसिलने.

बेसिल हा चौथ्या शतकातला. कप्पदुकिया प्रांतातल्या कैसरियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं कायसेरी. घरचा गर्भश्रीमंत, जमीनजुमला भरपूर, शिक्षण थेट अथेन्सला. आजच्या भाषेत परदेशातून मास्टर्स करून आलेला. ३६९ च्या सुमारास त्या भागात भयंकर दुष्काळ पडला. पाऊस नाही, पीक नाही, आणि शहर समुद्रापासून लांब, त्यामुळे बाहेरून धान्य आणणंही मुश्कील. धान्य अजिबातच नव्हतं असं नाही. ते गोदामांत होतं. भाव अजून चढतील म्हणून कुलपात होतं. (ओळखीचं वाटतंय ना?)

त्या काळातलं बेसिलचं एक प्रवचन आहे, लूकच्या शुभवर्तमानातल्या मूर्ख श्रीमंताच्या गोष्टीवर. गोष्ट एवढीशीच. एका माणसाच्या शेतात अमाप पिकतं. तो विचार करतो, आता ठेवू कुठे? जुनी कोठारं पाडतो, मोठी बांधतो, मग निवांत खाऊ-पिऊ. आणि त्याच रात्री मरतो. आपण ही गोष्ट ऐकून 'माणसाचं काय खरं आहे' म्हणून उसासा टाकू आणि तीन बीएचकेच्या साइट व्हिजिटला जाऊ. बेसिल उसासा टाकत नाही. तो त्या माणसाला धरून उलटतपासणी घेतो. तुझं म्हणतोस ते तुझं कसं झालं? जन्माला येताना घेऊन आला होतास? नाटकाला आधी येऊन बसलेला माणूस बाकीच्यांना आत येऊ देत नाही, सगळं थिएटरच आपलं म्हणतो, तसं तुझं चाललंय. आणि कोठारंच हवीत ना, तर ती आयती बांधलेली आहेत, गरिबांची पोटं.

पण खरा हातोडा पुढे आहे. अंगावरचा कपडा काढून नेणाऱ्याला आपण चोर म्हणतो. मग उघड्या माणसाला कपडा देता येत असून जो देत नाही, त्याला दुसरं काय नाव द्यायचं, असं तो विचारतो. तुझ्याकडे अडून राहिलेली भाकरी भुकेल्याची आहे. पेटीत पडून असलेला अंगरखा उघड्याचा आहे. कुजत चाललेल्या चपला अनवाण्याच्या आहेत. 'त्याला द्यायला हव्यात' असं तो म्हणत नाही, त्याच्या आहेतच असं म्हणतो. माझा वसईचा मित्र 'चोरी' म्हणाला ते इथून.

त्याच प्रवचनात एक बाप आहे. घरात अन्नाचा कण नाही, म्हणून तो पोटच्या पोरांपैकी एकाला बाजारात विकायला काढतो, आणि कुठल्याला विकू याचा विचार करतोय. मोठ्याला? धाकट्याला? आणि समोर विकत घेणारा भावात घासाघीस करतोय. हे मी रात्री दीडला वाचलं आणि मला एकदम मावशींचं ते दोनदा पैसे मोजणं आठवलं. तुलना मोठी आहे हे कळतंय. पण घासाघीस करणारा माणूस ओळखीचा वाटला त्याला मी काय करू?

बेसिल नुसता बोलला असता तर मी त्याला आपल्या मोटिव्हेशनल वक्त्यांच्या रांगेत बसवलं असतं. पण त्याच्या प्रवचनांनी गोदामं उघडली आणि भुकेल्यांना गोळा करून तो स्वतः वाढायला उभा राहिला, असं त्याचा मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी सांगतो. ३७० मध्ये तो बिशप झाला आणि मग शहराबाहेर एक वसाहतच उभी केली. आजाऱ्यांसाठी, महारोग्यांसाठी, वाटसरूंसाठी. डॉक्टर, शुश्रूषा करणारी माणसं, कारागीर, सगळं तिथे. ग्रेगरीने तिला नवं शहर म्हटलं. यावर तक्रारी झाल्या, आणि बेसिलला प्रांताच्या राज्यपालाला पत्र लिहून खुलासा करावा लागला की यात सरकारचं नेमकं काय नुकसान होतंय ते सांगा. सोळाशेहून जास्त वर्षं झाली. पत्राचा मसुदा आजही चालेल.

तो एकटा नाही. मिलानचा अँब्रोझ श्रीमंतांना तोंडावर सांगतो की तू गरिबाला तुझं काही देत नाहीयेस, त्याचंच त्याला परत करतोयस. पोप पहिला ग्रेगरी, सहाव्या शतकाच्या शेवटी, लिहितो की गरजूला आपण जे देतो ते दयेचं काम नव्हे, न्यायाचं कर्ज आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस तर इथवर येतो की जीव जायची वेळ आलेल्या माणसाने दुसऱ्याचं अन्न उचललं तर ती चोरीच नव्हे. हे कुणी क्रांतिकारक नव्हेत हो, हे संत आहेत. कॅलेंडरवरचे.

मग वाट कुठे लागली? माझ्या मते याचं बीज जुनंच आहे, आणि इथे माझं वसईच्या मित्राशी भांडण झालं. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन एक निबंध लिहितो की बाप्तिस्म्यानंतर झालेली पापं दानाने धुतली जातात. हेतू चांगलाच असणार, त्याचा स्वतःचा हात सढळ होता. पण यातून दिशा फिरली. आता गोष्ट गरिबाच्या पांघरुणाची राहिली नाही, माझ्या पापांची झाली. गरीब झाला साबण! आणि साबण लागतो तर गरीबही लागणार, तो कायमचा दारात बसलेला बरा. पुढे याच वाटेने श्रीमंतांनी मठांना जमिनी दिल्या, माझ्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हणा म्हणून. आणि शेवटी पापमुक्तीच्या कागदांची उघड विक्री. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर चिडला तो यावर. त्याच्या ९५ मुद्द्यांमध्येच हे आहे की असला कागद विकत घेण्यापेक्षा गरिबाला दिलेलं बरं.

मित्राचं म्हणणं, तू सोपं करतोयस. बेसिलही स्वर्गातल्या बक्षिसाबद्दल बोलतो, क्रिसोस्तोम तर देवाला व्याजाने पैसे देण्याची भाषा करतो. बरोबर आहे, बोलतात. दोन्ही धागे एकाच कापडात आहेत, मान्य. मी फक्त एवढंच म्हणतोय की एक धागा आपल्याला सोयीचा होता, तोच आपण उचलला.

ल्यूथरची पुढची गोष्ट मला फार आवडली. त्याने ठणकावून सांगितलं की चांगल्या कामांनी देवापुढे नीतिमान होता येत नाही, ते फक्त श्रद्धेने. म्हणजे दानाचे पॉइंट्स रद्द, वॉलेट रिकामं. मग लोक द्यायचे थांबावेत की नाही? पण झालं असं की १५२३ मध्ये लाइस्निग नावाच्या छोट्या गावाने सामाईक पेटी काढली आणि तिच्या नियमांना प्रस्तावना ल्यूथरनेच लिहिली. गावातल्या म्हाताऱ्यांना, अनाथांना, अडलेल्या कारागिरांना त्या पेटीतून द्यायचं. पेटीला चार वेगवेगळी कुलपं. एक किल्ली सरदारांकडे, एक नगरपरिषदेकडे, एक गावकऱ्यांकडे, एक आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडे. चौघं आल्याशिवाय पेटी उघडणार नाही. ॲक्सेस कंट्रोल! बक्षीस काढून घेतल्यावर उरला तो नुसता हिशोब, आणि नेमका तोच तर मुळात हवा होता.

आता आमच्याकडचं बक्षीस सांगतो. स्वर्ग नाही, ८० जी. देणगीची पावती जोडली की करात सूट. गेल्या वर्षी मी नवी करप्रणाली घेतली, तिच्यात ही सूट मिळत नाही. एक संस्था आहे, तिला मी तीन वर्षं न चुकता द्यायचो. गेल्या वर्षी दिले नाहीत. विसरलो, असं मी स्वतःला सांगितलं. विसरलो नव्हतो. या वेळी दिले कारण सगळ्यांच्या देखत मेल येणार होता. मत्तयच्या त्याच सहाव्या अध्यायात येशू चव्हाट्यावर तुतारी वाजवून देणाऱ्यांची टर उडवतो, आणि म्हणतो की त्यांचं जे मिळायचं ते मिळून चुकलं. व्यवहार पूर्ण, खातं बंद. मला सोनेरी अक्षरं मिळाली. चुकतं झालं.

कंपनीचंही तेच. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. कायदा वाईट नाही, त्यातून शाळा उभ्या राहिल्यात. पण तो बॅनर ज्यांनी शिडीवर चढून लावला, त्या हाउसकीपिंगच्या पोरांना ठेकेदाराने त्या महिन्याचा पगार वीस तारखेपर्यंत दिला नव्हता. त्यांच्यातल्याच एकाने लिफ्टमध्ये मला सांगितलं. मी "अरेरे" म्हणालो आणि सातव्या मजल्यावर उतरलो. नव्या करारात याकोबाचं पत्र आहे, पाचच अध्यायांचं. उघड्या-उपाशी माणसाला 'जा बाबा, ऊब घे, पोटभर खा' म्हणून वाटेला लावणाऱ्यांना तो झोडपतो. आणि पाचव्या अध्यायात म्हणतो की शेतं कापणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही दाबून ठेवलीत, ती मजुरीच ओरडतेय. माझं "अरेरे" म्हणजे तेच 'ऊब घे'. दोन टक्के कुठे गेले याचा रंगीत अहवाल निघतो. उरलेले अठ्ठ्याण्णव कसे आले हे विचारायचं नसतं.

हे सगळं रूममेटला सांगितलं तर तो म्हणाला, "मी टॅक्स भरतो बाबा, तेच माझं दान." टॅक्स भरतोस, फार चांगलं, ती आपली लाइस्निगची पेटी आहे, आणि तिच्या चार किल्ल्या कुणाकडे आहेत हे विचारायचा तुला हक्क आहे. पण मावशींचे सातशे काही सरकारने कापले नाहीत, आपण कापले. मग त्याचा दुसरा मुद्दा, हा तर सगळ्यांचाच असतो: "पैसे दिले की दारूत घालवतात." यावर क्रिसोस्तोमचं उत्तर बघा. हा अंत्युखियाचा धर्मगुरू, पुढे कॉन्स्टँटिनोपलचा बिशप, तिथल्या बड्या लोकांना इतका टोचला की हद्दपार होऊन ४०७ मध्ये वाटेतच मेला. तो म्हणतो की देणारा माणूस बंदरासारखा आहे. फुटलेल्या जहाजातून जो पोहत येईल त्याला बंदर आत घेतं, आधी चारित्र्याचा दाखला मागत नाही. बेसिलचं मत इथे थोडं वेगळं आहे, खरा गरजू कोण हे ओळखायला अनुभव लागतो असं त्याचं म्हणणं, आणि व्यवहारात मला ते पटतं. पण एक सांगा, माझा पगार मी कशात घालवतो हे एचआरने कधी विचारलंय? शुक्रवारी रात्री बाणेरला जाऊन बघा म्हणावं. देणं असलेला माणूस घेणाऱ्याला 'तू याचं काय करणार' असं विचारत नाही. दान देणारा विचारतो.

आणि हो, एक प्रश्न येणारच आहे, तर मीच घेतो. "हे मिशनरी लोक सेवेच्या आडून धर्मांतर करतात त्याचं काय?" जिथे कुणी भाकरीला अट लावत असेल, तिथे याच मोजपट्टीने तो नापास. भाकरी जर मुळात त्या भुकेल्याचीच असेल, तर तिच्यावर अट घालणारा मी कोण? पण मग मोजपट्टी सगळ्यांना लावा. फी भरतो पण पोरीने आमच्याच घरी काम केलं पाहिजे, उचल देतो पण पुढची तीन वर्षं ऊस आमचाच तोडायचा, रेशन देतो पण फोटोला उभे राहा. कोव्हिडच्या २०२० च्या टाळेबंदीत तांदळाच्या पाच किलोच्या पिशवीमागे सहा जणांचे हात असलेले फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत. पिशवी धरणारी बाई कॅमेऱ्याकडे बघत नसायची.

पौलाचं करिंथच्या लोकांना एक पत्र आहे, यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी मागणारं. मला वाटलं कनवाळू काहीतरी असेल. तर तो म्हणतो की दुसऱ्यांना आराम आणि तुम्हाला भार असं मला नको आहे, बरोबरी हवी आहे. आज तुमच्याकडे जास्त आहे, उद्या त्यांच्याकडे असेल. आणि पुढच्याच अध्यायात, गरिबांना वाटून टाकणाऱ्याचं नीतिमत्त्व टिकून राहतं, हे जुन्या स्तोत्रातलं सांगणं. दोन्ही एका श्वासात. देणारा वर आणि घेणारा खाली अशी पायरीच त्यात नाही.

परवा पगाराचा दिवस होता. मावशींना साडेतीन हजार दिले, आणि वर वेगळे सातशे. शिवाय सांगितलं की इथून पुढे आजारपणाचे पैसे कापणार नाही, त्यांच्या किंवा घरच्यांच्या. हे सांगताना माझ्या आवाजात तो 'देण्याचा आठवडा' पुन्हा डोकावला असणार, कारण रूममेट आतून फिस्सकन हसला.

मावशींनी नोटा मोजल्या. "हे सातशे कशाचे, दादा?"

"तुमचेच आहेत. मागच्या महिन्याचे."

"माझेच व्हते तर तवाच द्यायचे ना," त्या म्हणाल्या. "पोराच्या औषधाला मी शेजारणीकडून व्याजानं आणले."

किती व्याज, विचारलं. शेकडा दहा, महिन्याला. म्हणजे आणखी सत्तर माझ्याकडे निघतात. ते द्यायला पाकीट उघडलं तर सुट्टे नव्हते, आणि मावशी यूपीआय वापरत नाहीत. उद्या द्यायचेत.